तेरा इंचांत फार दिसते

प्रति,
मा. अधीक्षक,
वृद्ध निवास, कार्यालय (वरचा मजला)

विषय : तळमजल्यावरील टॅब्लेट लहान आकाराचा करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली सूचना – 'पुढील खरेदीसाठी कोणता आकार उत्तम, ते एका ओळीत कळवावे.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून तळमजल्याची परिचारिका (यापुढे 'अर्जदार') सविनय कळवते की, उत्तर एका ओळीत बसत नाही.

१. आजी-आजोबांना मुलाबाळांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यासाठी पूर्वी आठ इंची टॅब्लेट होता. त्यात समोरच्याचा चेहरा तेवढा दिसे, पाठीमागचे काही कळत नसे. दुरून डोंगर साजरे, या न्यायाने सर्वांची घरे सुखात होती. पुढे आपण स्वतः दुकानात जाऊन, चष्मा गाडीत राहिल्यामुळे, जो आपल्याला स्पष्ट दिसला तो तेरा इंची निवडला. त्यावर बोलण्याची अर्जदाराची पायरी नाही. फक्त परिणाम कळवते.

२. खिडकीजवळच्या आजींनी सुनेकडे जपायला दिलेले कपाट बाल्कनीत दिसले, आत कुंड्या. आजींनी दुपारचे जेवण सोडले व रात्री दुप्पट जेवल्या. निवृत्त तिकीट तपासनीस आजोबा तर जुन्या सवयीने प्रत्येकाच्या मागे उभे राहून पडद्यावरची घरे तपासतात आणि त्रुटी मोठ्याने सांगतात. एक नातू एकटाच अभ्यास करत असल्याचे सांगत असता, मागच्या दाराच्या पडद्याखाली आणखी दोन पाय आहेत, हे त्यांनीच जाहीर केले. त्यानंतरची भांडणे मिटवणे अर्जदाराच्या कामात मोडत नाही.

३. शिंपी आजोबांचे प्रकरण मात्र निराळे आहे. मुलगा परगावी साहेब, घर मोठे, अशी त्यांची समजूत होती; मुलानेच करून दिलेली. एवढ्या घरात बापापुरता कोपरा निघत नाही, हे त्यांच्या मनाला लागले होते. म्हणून 'बरा आहे' यापलीकडे ते मुलाशी बोलत नसत. परवा तेरा इंचांत त्यांना मुलाचे सगळे घर दिसले. खोली एकच, एक खाट, खाटेखाली भांडी, दोरीवर शर्ट. तपासनीस आजोबासुद्धा तपासणी सोडून मागे सरकले. शिंपी आजोबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “त्या शर्टाची बाही उसवलीये. घेऊन ये, मी शिवून देतो.” मुलगा तोंड फिरवून डोळे पुसू लागला. अर्जदारही रडली, हे सेवानियमांत बसत नसल्यास अर्धी रजा मांडावी.

४. कलम तीन विषयाच्या विरुद्ध जाते, हे लिहून झाल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले. परंतु अर्ज पुन्हा लिहिण्यास सवड नाही, कारण मुलगा शर्ट घेऊन खरोखरच आला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही उघडली ते बरे झाले.

सबब, विषय रद्द समजावा व टॅब्लेट आहे तोच राहू द्यावा. तसेच शिंपी आजोबांचे नाव निवासाच्या पटावरून कमी करावे. मुलगा त्यांना घेऊन जाणार आहे. खोलीत खाट एकच असल्याने खाली कोणी झोपायचे यावर दोघांचा वाद जुंपला आहे, आणि अर्जदार तो मुद्दाम मिटवत नाही.

आपली, जमेल तितकी नम्र,
(सही)
परिचारिका, तळमजला
दिनांक : आजचाच