नसांचं वय

प्रिय द्वारकाअक्का,

माझ्या हृदयाच्या दोन नसा आकसल्यात, असं हृदयाच्या डॉक्टरांनी आज तपासून पक्कं सांगितलं. "वय चव्वेचाळीस, पण नसा साठीच्या. गर्भपिशवी काढलीय का? कधी?"

तिशीत, अक्का. तुम्हीच मायेनं नेलं होतं. "लेकरं झाली ना? मग काढून टाक झंझट. कॅन्सरची भीती नाय." पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली. तिथून येणारं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना लवचिक ठेवतं. वयानं ते हळूहळू कमी होतं. माझं एका दुपारी थांबलं. हेच एकमेव कारण नसेल, पण मोठं आहे, असं डॉक्टर म्हणाले.

तुमच्यावर राग नाही. आपण सगळ्या जावांनी हेच केलं. पण सोमवारी तुम्ही तुमच्या सुनेला, राजनंदिनीला, पिशवी काढायला नेताय. ती अठ्ठावीसची आहे. तिला पाळीत जास्त जातं, एवढंच. त्यावर गोळ्या असतात.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि लेकाच्या तोंडून हे ऐकताना तुम्ही लाजून अर्ध्यात थांबवाल. उद्या मीच वाळूजला येते. तुम्ही लई ओरडाल. तरी राजनंदिनीला औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेईन. रिक्षात तुम्हालाही बसवीन. जिना चढताना तुम्हाला दम लागतो, ते मी पाहिलंय.

तुमची धाकटी जाऊ,
सरिता