तेरा तारखेचं पान

प्रिय अक्का,

पाकिटावर मुद्दाम तुझंच नाव घातलं आहे, मैत्रेयीचं नाही. फोन केला असता, पण तू लेकीकडे मल्लेश्वरमला राहायला आल्यापासून तुझा प्रत्येक फोन स्पीकरवर असतो आणि मागून जावई हर्ष हळूच सांगत असतो, मामा, त्यांना ताण येईल असं काही बोलू नका. शिवाय तू बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस. रीत लिहून दाखवल्याशिवाय तू कुणाला मार्क दिले नाहीस, सख्ख्या धाकट्या भावालाही नाहीत. म्हणून आज लिहून दाखवतो.

उत्तर मात्र आधी सांगून टाकतो, कारण मला आता धीर निघत नाही. बारा जानेवारीच्या संध्याकाळी आनेकलच्या तुझ्या गच्चीवरून तू आकाशात जे पाहिलंस, ते खरोखर तिथे होतं. आमच्याच ऑफिसने सोडलेला संशोधनाचा फुगा होता तो, दुमजली घराएवढा. तसं लेखी पत्रक आज सकाळी निघालं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. शिक्का जरा वाकडा बसला आहे, तेवढं चालवून घे. पत्रक निघाल्यावर मी कँटीनमध्ये जाऊन एकापाठोपाठ एक दोन प्लेट गोड केसरीबात खाल्ला आणि दुपारी घरी येऊन गाढ झोपलो. तीन महिन्यांत असा झोपलो नव्हतो. तुझी भावजय हेमलता म्हणते, घोरणं ऐकून वरचे भाडेकरू चौकशीला येऊन गेले.

ती संध्याकाळ मला तुझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झाली आहे. संक्रांत दोन दिवसांवर होती. एळ्ळु-बेल्लाच्या तिळगुळासाठी खोबऱ्याचे बारीक तुकडे करून तू गच्चीवर वाळत घातले होतेस, ते उचलायला सहाच्या सुमारास वर गेलीस. पूर्वेला, शेजारच्या महांतेशच्या नारळांच्या वर, एक पांढरा गोळा दिसला. सूर्य बुडाला तसा तो नारिंगी झाला आणि सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी, कुठेही न जाता, जागच्या जागी विझला. तू मनगटावरच्या घड्याळात पाहिलंस आणि खोबऱ्याच्या पुडीच्या कागदावर वेळ लिहून ठेवलीस. मग मला फोन केलास, कारण आकाशाच्या ऑफिसात नोकरीला असलेला घरात मी एकटाच. मी मेट्रोत उभा होतो. विमान असेल ग, असं म्हणून मी फोन ठेवला होता, आठवतंय?

पुढे काय झालं ते तुला सांगायला नको, तरी क्रम नीट लागावा म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले आणि त्यांनी तुला ‘एलियन अज्जी’ करून टाकलं. मग खुलासे सुरू झाले. एका खात्याने सांगितलं, फुगा असावा. दोन दिवसांनी आमच्या ऑफिसने शिक्क्यानिशी कळवलं, बारा तारखेला आमच्याकडून काहीही सोडलेलं नाही. त्यानंतर तिसऱ्याच एका साहेबांनी जाहीर केलं की नागरिकांनी शुक्र पाहिला. तू टीव्हीसमोर बसून ओरडत होतीस की शुक्र पश्चिमेला असतो संध्याकाळी, मी पूर्वेकडे तोंड करून उभी होते. टीव्हीला काय ऐकू येणार.

गावात तर नुसता कहर होता. इथल्या शिवाजीनगरला एका ऑटोवाल्याने मला स्टँडपासून घरापर्यंत ऐकवलं, सरकार सगळं लपवतंय सार, एक गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात म्हणजे स्वल्प तरी काहीतरी आहेच. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला सुशांत राहतो, सॉफ्टवेअरमधला. तो मला मोबाईलवर अमेरिकेतल्या चौकशीच्या क्लिपा दाखवायचा. तिकडे म्हणे एक माणूस शपथेवर सांगतो की यानं सापडली आहेत, आणि खातं म्हणतं असं काही नाही. काका, तुम्ही आतले आहात, खरं सांगा ना, म्हणून तो माझ्या मागेच लागला होता. मी आतला होतो म्हणूनच गप्प बसत होतो. लोकांना वाटतं सरकार फार पोचलेलं आहे. अग, काही लपवायचं तरी चार खात्यांनी आधी एकमेकांशी बोलावं लागतं. आमच्याकडे एका मजल्याचं दुसऱ्या मजल्याला कळत नाही.

सगळ्यात वाईट तुझं झालं. यान मानणारे तुझ्या अंगणात येऊन ते कुठे उतरलं म्हणून माती उकरत होते, न मानणारे हसत होते. तू मात्र पहिल्यापासून एवढंच म्हणत होतीस की पांढरा गोळा होता आणि सहा सत्तावीसला विझला. तेवढ्यावर कुणाचंच भागत नव्हतं. महांतेशनेही तो पाहिला होता, पण आमचं पत्रक आल्यावर म्हणाला, मी नीट बघितलं नव्हतं अक्का. मग मैत्रेयी आली. दसऱ्याला तू गॅसवर दूध विसरली होतीस, ते तिला आठवलं. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, तरी एकटं राहायला नको असं ठरलं. घराला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे आली. मैत्रेयीवर राग धरू नकोस. तिच्या एका हातात सरकारी शिक्क्याचा कागद होता आणि दुसरीकडे तू होतीस. कागदावर विश्वास ठेवायला तूच तिला शिकवलंस.

युगादीच्या पाडव्याला मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो. पुरणाचे होळिगे खाऊन झाल्यावर आपण दोघं बाल्कनीत बसलो. समोरून मेट्रो गेली आणि तू आवाज खाली आणून मला विचारलंस, आत्ता गाडी गेली ना रे? तुलाही दिसली ना? आधी मला वाटलं गंमत करते आहेस. पण तू माझ्या तोंडाकडे बघत बसली होतीस, मी हो म्हणेपर्यंत. फळ्यावरच्या बेरजेतली चूक वर्गाच्या दारातून ओळखणारी माझी अक्का, आणि तिला समोरून धडधडत गेलेल्या गाडीला साक्षीदार हवा होता. मी कॉफी अर्धी टाकून उठलो, काम आहे म्हणून. काम काही नव्हतं. खाली एट्थ क्रॉस रस्त्यावरच्या फुलवाल्यांसमोर उगीचच उभा राहिलो, रडू आवरेपर्यंत.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि फुग्यांचं रजिस्टर काढलं. आता रीत नीट वाच. आमचं रजिस्टर संध्याकाळी पाच वाजता बंद होतं. त्या दिवसाच्या पानाखाली सही होते आणि ते पान मिटतं. पाचनंतर काही सुटलं तर ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर लिहायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘काल सायंकाळी’ असं नोंदवायचं. तीस वर्षांची पद्धत आहे, नव्या पोरांना ती मीच शिकवतो. बारा तारखेला गॅसची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, फुगा पाच चाळीसला सुटला. बारा तारखेच्या पानावर ‘निल’ लिहिलेलं आहे. तेरा तारखेच्या पानावर पहिल्याच ओळीत तुझा गोळा आहे, वेळेसकट. म्हणजे आमचं पत्रक अक्षरशः रजिस्टरप्रमाणे बरोबर होतं आणि तरी खोटं होतं.

मी टिपण वर पाठवलं. साहेब म्हणाले, शांत झालंय आता, कशाला उकरताय, जूनमध्ये तुम्ही निवृत्त होताय. दोन आठवडे ते टिपण टेबलावर पडून राहिलं. मग मी फुगा सोडणाऱ्या सुधींद्रला गाठलं. तो म्हणाला, सोडला ना सार, मीच सोडला, पण मला कुणी विचारलंच नाही. तुझी सहा सत्तावीसची वेळ ऐकून तो खुर्चीतून उठला. फुगा तोपर्यंत चौदा किलोमीटर वर गेला होता. खाली अंधारलं तरी तिथे ऊन असतं, आणि पृथ्वीची सावली त्या उंचीला साधारण तेव्हाच पोचते. ती पोचली की फुगा दिसेनासा होतो, दिवा मालवल्यासारखा. ज्या गोष्टीला सगळे हसले, तीच तुझी सगळ्यात चोख नोंद होती. मी आनेकलच्या घराचं कुलूप उघडून स्वयंपाकघरातून तो पुडीचा कागद घेऊन आलो. आता तो फायलीत जोडपत्र क्रमांक तीन आहे, खोबऱ्याच्या तेलाच्या डागासकट. तो पाहिल्यावर साहेबांनी सही केली.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो, अक्का. ‘काहीही सोडलेलं नाही’ ही ओळ माझी आहे. जुन्या फायलीतला मसुदा काढला, तारीख बदलली, बारा तारखेचं पान पाहिलं, दहा मिनिटांत मोकळा झालो. तेवढ्यात तुझा फोन आला. काय लिहिलं ते मी सांगितलं, तशी तू विचारलंस, त्रिविक्रम, मागचं-पुढचं पान पाहिलंस का रे? मी हो म्हणालो. पाहिलं नव्हतं. पावणेपाच झाले होते, मला घरी जायचं होतं. तुला डॉक्टरकडे नेलं त्या दिवसापासून माझ्या मनात ते न उलटलेलं पान होतं, आणि निवृत्तीच्या तोंडावर चौकशी नको म्हणून मी ते उलटलं नाही. तुझ्या डोळ्यांवरचा तुझा विश्वास मी घालवला. मला माफ कर. चौकशी लागणार आहे, लागू दे, मला आज फार हलकं वाटतं आहे. रविवारी सकाळी येतो. मैत्रेयीला आणि हर्षला मीच समोर बसून हे सगळं सांगणार आहे. किल्ली खिशात असेल. आनेकलला परत जायचं की नाही ते तू ठरव, मी नुसता बसमध्ये शेजारी बसेन. गेलो तर आधी गच्चीवर जाऊ. तिथे मला विचारू नकोस, तुलाही दिसतंय ना म्हणून. काय दिसतंय ते तू सांग, मी लिहून घेतो.

तुझाच, रीत चुकलेला धाकटा,
त्रिविक्रम