आबांच्या दोन लेन्स

३ नोव्हें., सोम.
फुकटात मिळालेली लेन्स किती पडली ते लिहून ठेवतो. जळगावहून धुळ्याला आबांकडे दोन फेऱ्या. दोन दिवस स्टुडिओ बंद. चाचणीत सहा फिल्म, त्याही आता बाहेरून मागवाव्या लागतात. हिच्या मामेबहिणीचं जामनेरचं लग्न बुडालं, त्याची बोलणी अजून चालू आहेत.

तरी आबांचे उपकार. त्यांच्याच डार्करूममध्ये झाडू मारत फोटो शिकलो. आता दुकान बंद केलं, तर ठेवणीतल्या दोन्ही लेन्स पुढ्यात ठेवून म्हणाले, "तू मोठा. पहिले तू निवड. राहील ती इलासले." विलास माझ्यामागून त्यांच्याकडे शिकला. धरणगावला स्टुडिओ आहे. मला दादा म्हणतो.

दोन्ही एकाच कंपनीच्या, माप तेच, वजन तेच. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून प्रत्येकीवर तीन-तीन फिल्म काढल्या. बारीक अक्षरं दोन्हींत वाचता येतात. मग कान लावला. एकीचं शटर एक सेकंदावर दमेकऱ्यासारखं. दुसरीचं खणखणीत. दुसरी घेतली. वि. फोनवर म्हणाला, "तुमचा कान म्हणजे कान, दादा."

अख्ख्या खान्देशात लाकडी कॅमेऱ्यावर काम करणारा आता मीच. फार तर विलास. अर्धा.

९ नोव्हें., रवि.
सावदा. केळीवाल्या चार भावांचं घर, ५२ माणसं, तीन ओळी. बैठकीत आबांनी काढलेला जुना फोटो आहे, तस्साच हवा. थोरले नाना त्यात टोकाला, पोरगेले उभे. म्हणाले, "शर्टाची बटनं मोजून घ्या." मोजली. पाच. आज नाना मधोमध खुर्चीत, टोकाला धाकटी सून न् तिची मुलगी.
दोन फिल्म काढल्या. सवयीने डिजिटलवरही काढून ठेवले.

११ नोव्हें.
फिल्म धुतल्या. नानांच्या मिशीचा केस न् केस. टोकाची सून आणि मुलगी मात्र पाण्यातून पाहावं तशा. दोन्ही फिल्मवर, त्याच जागी. म्हणजे त्या हलल्या नव्हत्या.
चाचणीत वर्तमानपत्र मधोमध चिकटवलं होतं. कडा पाहिल्याच नाहीत. चाळीस वर्षांचा धंदा आणि ही अक्कल.
डिजिटलवाला पाठवला. नानांचा फोन: "छान आहे हो. मग ते मोठं खोकं कशाला आणलं होतं?"

१२ नोव्हें.
लेन्स उघडली. पुढची काच, मागची काच, मध्ये शटर, सगळं आट्यांवर बसतं. जोड्या चुकू नयेत म्हणून आबा आतल्या कडेला बायकोच्या, अक्कांच्या, नेलपॉलिशचा ठिपका देत. काचेवर आणि शटरवर एकच रंग.
माझ्या शटरवर लाल. काचांवर पांढरा.
लाल जोडी ग्रुप फोटोची, कडेपर्यंत लख्ख. आमच्या वेळी तिला हात लावायची सोय नव्हती.

१३ नोव्हें.
वि.ला फोन. तुझ्या लेन्सचं शटर कसंय?
"अडकतं थोडं. पण काच दादा..." मागून त्याची बायको हळूच: "सांगून टाका ना."
"आबांना विचारा," म्हणाला.
म्हणजे माहीत होतं. तेव्हाही, जेव्हा माझ्या कानाचं कौतुक करत होता.

१५ नोव्हें., शनि.
धुळे. आबा ओट्यावर. लेन्स उघडून समोर ठेवली. हात लावला नाही त्यांनी.
"मीच बदली टाकं. इलासनी मांगी नही. तेले मी नंतर सांगं."
म्हटलं, तोंडावर सांगायचं. पांढरी घे म्हणाला असतात तर मुकाट्याने घेतली असती.
"लेता नही. तू काच देखस नही, आवाज ऐकस. म्हनीसन चांगलं शटर तुले लाई दिधं."
का पण?
"इलास महिनामा चार ग्रुप काढस. तुन्ही कपाटमा पडी ऱ्हाई."
पहिली निवड मला दिली म्हणून मी जळगावभर सांगत फिरलो, आबा.
"ते बी ऐकं मी."
अक्का चहा ठेवून आत गेल्या त्या आल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, जेवून जा. बस आहे म्हटलं. बस होती दीड तासाने.
पाया न पडता निघालो. पायरीवर लक्षात आलं. वळलो नाही.

विलाससाठी भांडून मागितली असती आबांनी, तर दोन्ही देऊन आलो असतो. मला निवडायला लावलं, हे

१८ नोव्हें., मंगळ.
वि.चा मेसेज: "दादा, लाल काचा घेऊन रविवारी येऊ का? बदलून घेऊ." उत्तर दिलं नाही. ही म्हणते, बोलव, पोरगा चांगला आहे. पोरगा पन्नाशीचा आहे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. फिल्मचे डबे काढून मोजले. यंदा लाकडी कॅमेऱ्यात गेलेल्या फिल्म: आठ. सहा वर्तमानपत्राच्या, दोन सावद्याच्या.