गॅरेजचं गिऱ्हाईक

दादा,

तुझ्या गॅरेजच्या कर्जाला मी जामीन राहिले आणि तू हात वर केलेस. हप्ते माझ्या शिवणकामातून गेले, लेकीचं कॉलेज सुटलं. "बहिणीनं एवढंही करू नये?" असं तू वर ऐकवलंस.

कर्ज फिटलं, तरी मी हप्ता थांबवला नाही. तेवढेच पैसे दरमहा स्वतःच्या नावे टाकत गेले.

आता तू तेच गॅरेज विकतोयस. तुझी नड ओळखून दलालामार्फत भाव पाडणारं गिऱ्हाईक मीच आहे. विसाराचे पैसे तू उडवलेस, त्यामुळे माघार नाही. "मालक भला दिसतो, मला भाड्यानं ठेवील," असं वहिनीला म्हणालास म्हणे. ठेवणार नाही.

हे पत्र टाकत नाही. उद्या सही करायला येशील, तेव्हा समोरच्या खुर्चीत मी असेन.

तुझी जामीनदार,
धाकटी