एक्केचाळीस नंबरची बाटली

वडनेर भोलजी, १४ सप्टेंबर १९६४

चि. पुंजाजीस गीताबाईचे अनेक आशीर्वाद.

तुया भाऊजींची गोळ्यांची बाटली सरत आली. नागपूरच्या डॉक्टरांनी निम्म्या लोकांले दारू सोडवायचं खरं औषध दिलं, निम्म्यांले साध्या भुकटीच्या गोळ्या. बाटलीवर नुसता नंबर, कोणाले काय ते त्यांच्या यादीतच. खऱ्या गोळीवर दारू घेतली तर जीवावर बेतते म्हणे. पोळ्याले ह्यांनी घोटभर घेतली, काहीच झालं नाही. डॉक्टरले सांगू नको, नाव कापतील. बाकी पाच महिन्यांत थेंब नाही. संध्याकाळी बैलांशी बोलत बसतात, मायाशी तेवढं बोलत नाहीत.

नागपूरहून नवी बाटली घेऊन सरळ नांदुऱ्याले उतर. तमाशाचा तंबू दिसला तर डोळे मीट.

तुयी बाई

मेहकर, २ ऑक्टोबर

सौ. बाईस पुंजाजीचा साष्टांग नमस्कार.

नांदुऱ्यालेच उतरणार होतो, पण गाडीत एक अस्वलवाला भेटला, त्याच्यासंगं अकोल्यालेच उतरून इकडे आलो. अस्वल शहाणं आहे, फक्त बिडीचा वास आला की रुसते. बाटली वच्छलाबाई आत्याजवळ धाडतो. वरचा नंबराचा कागद वाकडा डकला आहे, डिंक ओला होता. गोळ्या त्याच. दसऱ्याले येतो, भाऊजींले म्हण मायासाठी सोनं राखा.

लोभ आहेच, उतू जाऊ द्यावा.

पुंजाजी

वडनेर भोलजी, २४ ऑक्टोबर

चि. पुंजाजीस आशीर्वाद.

तार मेहकरले पोचली तेव्हा तू पुढं निघून गेला होता म्हणे. तुये भाऊजी गेले.

दसऱ्याले सोनं वाटून आले, सण आहे, पोळ्याइतकीच घेतो म्हणाले. मी म्हटलं घ्या, तेव्हा काय झालं होतं. वाटी मीच भरली. तोंड लालभडक झालं, छाती धडधडली, ओकून ओकून गळाले. नांदुऱ्याच्या वाटेवर गाडीतच सरलं. बैल आपोआप थांबले.

डॉक्टरांनी यादी उघडली. एक्केचाळीस नंबर साध्या भुकटीचा निघाला. म्हणजे औषधानं नाही, माया वाटीनं गेले. सासूबाई तेच म्हणतात, मले तोंड वर करता येत नाही. असशील तिथून ये.

गीताबाई

हिवरा आश्रम, १ नोव्हेंबर

बाई,

तुयं पत्र मेहकरहून फिरत इथं पोचलं. आधी ‘सौ.’ लिहून गेलो. खोडलं.

मेहकरात अस्वलाच्या गर्दीत झोळी पडली, बाटली फुटली, गोळ्या चिखलात गेल्या. कागद तेवढा वाचला. दवाखान्यात ओळख झालेला वहाबचाचा रंगारी तिथंच होता. त्यालेबी नागपूरच्याच गोळ्या, नंबर वेगळा, गोळी हुबेहूब. चाचा हसून म्हणाला, घेऊन जाय बे, याच्यावर एकदा घोटभर घेतली तं मरता मरता वाचलो. मी ऐकलं. ऐकून अस्वलाकडे पाहत राह्यलो. मग त्याच्या गोळ्या नव्या बाटलीत भरल्या, वर भाऊजींचा कागद डकवला.

पोळ्याचं तर मलेबी ठाऊक होतं.

तुया वाटीनं गेले नाहीत, बाई. हे पत्र सासूबाईंले मोठ्यानं वाचून दाखव, मग नागपूरले धाड. इथं पंगतीत पत्रावळी टाकत असतो. वडनेरकडची मोटर रोज जाते, पाय उचलत नाही.

खाली लोभ असावा असं लिहायचं असते. ती जागा कोरी सोडली आहे.

पुंजाजी