यातली आपली प्रणिता कुठली?

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, दुपार

प्रिय मीना,

तुला भरभरून प्रेम, भावोजींना वाकून नमस्कार आणि त्यांच्या खोकल्याला ‘आता पुरे’ असा माझा निरोप. तुझी कंबर कशी आहे? (या आठवड्यात माझ्या डोक्यात कंबरेवाचून दुसरा विषयच नाही. का, ते पुढे कळेल.) फोन केला असता, पण हे सांगताना मला आधी हसू येतं, मग रडू, आणि तू दोन्हींत सामील होतेस. म्हणून पत्र.

तर आमच्या हणमंतची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, प्रणिता एका गाण्याच्या व्हिडिओत नाचली. आठ वर्षं कुचिपुडी शिकलेली पोर. तीन दिवस शहराबाहेर उन्हात नाचून टाचांना फोड घेऊन आली. परवा ते गाणं आलं. मोठा टीव्ही माझ्याकडे, म्हणून मंडळी माझ्याकडे जमली : हणमंत, वहिनी (प्रणिताची आई), शेजारचे अप्पाराव आणि वरच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या सावित्रीबाई. मी मिरची भजी तळली होती. गाणं सुरू झालं. गाडीच्या टपावर काळा चष्मा लावलेला एक दाढीवाला मुलगा. त्याचं तोंड आम्ही समोरून, बाजूने, खालून, थेट नाकपुड्यांपर्यंत पाहिलं. त्याच्याभोवती आठ मुली. म्हणजे आठ कंबरा, सोळा गुडघे आणि काही पाठी. वर तोंडं असावीत असा अंदाज. शब्द असे, की मुलगी एका कडव्यात बाटली, दुसऱ्यात गाडी आणि तिसऱ्यात बिर्याणी. (आपण बसस्टॉपवर असलं काही ऐकलं की छत्री उगारायचो. आता त्यावर ठेका धरतात. खरं सांगू, माझाही पाय एकदा हलला.) हणमंत दर दोन सेकंदांनी रिमोट दाबायचा आणि पडद्यावर एक कंबर गोठायची. बिचारा बाप! आपली लेक ओळखायची तर नीट बघायला हवं, आणि बघवत तर नाही. म्हणून तो चित्र थांबवून छताकडे बघायचा. शेवटी अप्पाराव म्हणाले, “अरे भाई, बच्ची किधर है? कमरिच कमर दिखा रैं!” सावित्रीबाईंनी फक्त पंखा बंद करायला सांगितला. पडद्यावरच्या पोरींना थंडी वाजत होती म्हणे.

प्रणिता दाराशी उभी होती. यातली मी कुठली, हे ती सांगेना. कुणीतरी ओळखावं, याचीच वाट बघत होती.

मला एकदम आपली शाळेतली सिस्टर व्हेरोनिका आठवली. प्रार्थनेनंतर ती आपल्याला ओळीने गुडघ्यांवर बसवायची आणि स्कर्टची कड जमिनीला टेकली नाही, तर सरळ घरी. पण गॅदरिंगला मुलगे नसायचे म्हणून तू काजळाच्या मिशा काढून राजा आणि मी प्रधान! हॉलच्या जुन्या पडद्यांचे अंगरखे, गळ्यापासून पावलापर्यंत. आपलं दिसायचं ते फक्त तोंड. आई हिमायतनगरहून रिक्षाने यायची आणि शेवटच्या रांगेतून ओरडायची, “ती बघा आमची त्रिवेणी!” तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं गं. परवा वाटलं, असं ओरडायला तरी कुणाला काही मिळावं.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “बरंच झालं की तोंड दिसलं नाही. उद्या लग्नाच्या वेळी कुणी ओळखायला नको.” मीना, हातातलं भजं मी परत ताटलीत ठेवलं. तो दिग्दर्शक आणि आमच्या वहिनी जन्मात भेटले नाहीत, पण केवढं एकमत! (सिस्टरही त्यांच्यात बसली असती का? विचार केला नाही पुढे.) प्रणिताचा चेहरा असा उतरला, की मी उठले आणि पडद्यावर बोटच ठेवलं : ही! हिरवा घागरा, उजवीकडून तिसरी. मान अशी आमच्याच घरात वळते. प्रणिताने धावत येऊन मला मिठी मारली. अप्पाराव म्हणाले, “हौ, येइच है!” आणि टाळ्या वाजवल्या. सून-नातवंडांत तू गर्क असशील, पण कळू दे तुला : तुझ्या मैत्रिणीची नजर अजून शाबूत आहे.

आता त्याच लोकांनी तिला दुसऱ्या गाण्याला बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ‘चेहरा दाखवणार असाल तरच येईन’ असं ती लिहिते, आणि माझ्यासारख्या शंभर मिळतील त्यांना, असं म्हणून खोडते. दोन दिवस हेच चाललंय.

तुझीच,
त्रिवेणी

ता. क. : शुक्रवारच्या आत प्रणिताला फोन कर. गाणं सुनेला शोधून द्यायला सांग. ‘पुण्यात बसून मी तुला लगेच ओळखलं’ एवढंच म्हण. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. (सोमवार, सकाळ) : हिरवा घागरा म्हणू नकोस. ती आमची नव्हे. काल भांडी पुसताना प्रणितानेच सांगितलं. हिरवी पोरगी विजयवाड्याची. (तिची आत्या तिथे बहुधा आमच्या पोरीकडे बोट दाखवत असेल.) मग मला मिठी कशाला मारलीस, असं विचारलं, तर म्हणाली, “आत्या, तू एकटीच मानेच्या वर बघत होतीस.” तेव्हा नारिंगी घागरा, डावीकडून शेवटची. नीट घोकून मगच फोन कर.