दहा पिल्लं की पन्नास

३ नोव्हें., सोम. बोरी बुद्रुक
सुट्टी पंधरा दिवस. काम एकच, दादाने सोपवलेलं: आईला त्याच्याकडे भोसरीला कायमचं राहायला तयार करणं. परवा शेजारच्या हौसाकाकूंचं कुत्रं बिबट्याने अंगणातून उचललं. ऊसतोड सुरू झालीय, बिबटे आता घरांकडेच सरकणार. मळ्यात आई एकटी.
सकाळी विषय काढणार होते. त्याआधीच ती म्हणाली, "कोंबडीची पिल्लं आणायची म्हनते. पन्नास."
विषय काढला नाही.

४ मंगळ.
स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जागा आठ बाय सहा. मोठ्या कोंबडीला रात्री दोन चौ. फूट धरले तर चोवीस. पूर्वी उरलेली झाडावर बसायची, आता ते शक्य नाही. आईला आकडा सांगितला.
"कोंबड्या काय पाट मांडून बसत्यात व्हय? एकमेकीला चिकटून बसत्यात."
मी: मग मरतील.
"मरत्यातच थोड्या. म्हनून तर पन्नास."
यात चूक सापडली नाही.

६ गुरु.
दादाचा फोन. १६ला गाडी घेऊन येतोय. आईशीही बोलला, तारीख तिलाही सांगितली. पिल्लांचं ऐकून हसला. मला म्हणाला, "दहा आण गं. तिचा जीव रमेल. निघताना काकूंना देऊन टाकू." पटलं. दहा कुणालाही देऊन टाकता येतात.
जेवायच्या वेळी म्हटलं, दहाने सुरुवात करू, अंदाज येईल.
आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "दहा म्हंजी जायाची तयारी. भावानं सांगितलं, का तुझं तुला सुचलं?"
सुचलं, म्हणाले.
भाकरी करपली. तिची कधी करपत नाही.

८ शनि.
निरगुडसरच्या पिल्लंवाल्याला फोन केला. एक दिवसाची, गावरान. खोक्यात पंचविसाचे चार कप्पे, कप्पा फोडत नाही. म्हणजे दहा मिळतच नाहीत.
"ताई, थंडी हाय. ऊब कशाची देनार?"
बल्बची.
"लाइट ऱ्हाती का रातभर तुमच्याकडं?"
राहत नाही. बुधवारपर्यंत आकडा कळवायचाय.
दादाला सांगितलं. "मग आणूच नको." शून्य हाही आकडाच. त्याला सोपा.

९ रवि.
आई दुपारी काकूंकडे गेली आणि दोन्ही काखांत एकेक कोंबडी घेऊन आली. एक काळी, एक तांबडी, दोन्ही खुडूक, उबवायला बसलेल्या. टोपलीत अंडी नाहीत तरी उठत नाहीत, हात नेला की फुगतात. अंधार पडला की बाहेरची पिल्लं पोटाखाली सरकवायची, सकाळी कोंबडी ती आपलीच समजते. एकीखाली बारा-तेरा. बल्बची गरज नाही.
पण कोंबड्या अर्धेलीने आणल्यात. पिल्लं मोठी होऊन कोंबडीपासून सुटली की निम्मी काकूंची, आणि त्यांच्या कोंबड्या परत. तोवर मोडायचं नाही. मधेच टाकून दिलं तर त्या घराला पुन्हा कोणी अर्धेलीने काही देत नाही. कोंबडी नाही, शेळी नाही.
दोन महिने तरी. दादा येतोय पुढच्या रविवारी.
तिने मुद्दाम केलं का?

१० सोम.
काकू कोंबड्या बघायला आल्या. मी जाळी बांधत होते. साधी नाही, जाड वेल्डमेश, खाली दगडांची ओळ. दार स्वयंपाकघराच्या बाजूने, म्हणजे अंधारात अंगणात उतरायला नको.
"लई मजबूत करतीस गं. आमचं कुत्रं हितं बांधाया पायजे व्हतं."
मग खाली बसून: "तुझी आय म्हनली, पोरगी इंजिनेर हाय, समदं तीच बघनार हाय. म्हनून दिल्या. एकट्या बाईच्या भरवशावर देते व्हय मी?"
समदं मी बघणार. हे मला आजच कळलं.
तार तीनदा तुटली.

१२ बुध.
आकडा कळवला: पंचवीस. दोन कोंबड्या, बारा आणि तेरा. निम्मी काकूंना गेली की खुराडं पुरतं. गणित बसतं.
गणित बसतं म्हणून कळवला का, हा वेगळा प्रश्न. आज नको.
आई: "पंचवीस? बरं." पन्नासाबद्दल एक शब्द नाही. बहुतेक तिला पन्नास कधी नकोच होती.

१५ शनि.
पिल्लं आली. सव्वीस, एक वर दिलेलं. अंधार पडल्यावर आईने दिवा मालवायला लावला. "हलू. पाठीमागनं हात घाल. दिसलं तर टोचती."
काळीने घेतली. तांबडीने एक बाहेर फेकलं, दोनदा. आईने ते तळहातात धरून थोडा वेळ ऊब दिली, मग काळीखाली सरकवलं. "तिला नगं तर नगं. जबरदस्ती न्हाई करायची."
हे ती पिल्लाबद्दलच बोलत होती. बहुधा.

१६ रवि.
दादा अकराला आला. खुराड्याभोवती एक फेरी मारली. "आई, सामान बांधलंस?"
"हौसाला इचार. कोंबड्या तिच्या हायेत."
तो हसला. मग हसायचा थांबला. मला बाजूला घेऊन: "तुला एवढंच काम दिलं होतं."
पंचवीसच्या खाली मिळत नव्हती, म्हणाले.
"आणि बिबट्या?"
त्याचं बरोबर आहे.
चहा घेताना तो आईसमोरच म्हणाला, "उद्या ही चाकणला कामावर गेली की संध्याकाळचं दार कोण लावणार? तू एकटी आत, आणि बिबट्या बाहेर."
आई पिल्लांसाठी कण्या बारीक करत होती. 'ही राहील' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी नाही म्हणाले असते. दोघेही माझ्याकडे बघत होते.
मी म्हणाले, वरच्या कोपऱ्यात जाळी इंचभर सुटलीय. दादा उठला, पक्कड घेतली. मी ताणून धरली, त्याने पीळ दिला.
उजेड होता तोवर गेला. एकटाच. गाडीत बसल्यावर म्हणाला, "रात्री फोन उचल." आईला म्हणाला की मला, कळलं नाही.
दार मी लावलं.
आईने विचारलं, "सकाळी लवकर उठवू?"
उठव, म्हणाले. चाकणच्या गाडीसाठी की पिल्लांसाठी, ते तिने विचारलं नाही.